नोकरी सोडण्याआधी अ‍ॅक्वापोनिक्सची एक टाकी चालवून पाहावी का?

जिरायतदार (पिंपरी-चिंचवड) यांची विचारणा

नमस्कार. माझे वय 43 असून गेली एकोणीस वर्षे मी एका कारखान्याच्या लेखा विभागात काम करतो. सिन्नर तालुक्यात आमची साडेतीन एकर जिरायत जमीन आहे. वडील होते तोपर्यंत तिथे बाजरी आणि हरभरा होत असे. आता ती चुलत भावाला वाट्याने दिली आहे आणि वर्षाकाठी दोन पोती बाजरी घरी येते, एवढाच तिचा आणि माझा संबंध उरला आहे.

शेतावर जाऊन राहावे, हे मनात घोळू लागल्याला आता सहा वर्षे झाली. दर शनिवारी रात्री मी चौकटीच्या वहीत घर, गोठा, विहीर, शेवग्याची रांग असे आराखडे काढत बसतो. पत्नी त्या वहीला ‘आपले कागदी शेत’ म्हणते आणि तिचे म्हणणे खोटे नाही. गेल्या वर्षभरात या आराखड्यांत माशांच्या टाक्या आल्या. एका टाकीत मासे, त्यांचे पाणी खडीच्या वाफ्यात, वाफ्यात पालक आणि पुदिना, आणि निवळलेले पाणी पुन्हा टाकीत, ही अ‍ॅक्वापोनिक्सची रचना कमी पाण्याच्या आमच्या भागासाठीच असावी असे मला वाटू लागले आहे.

सुरुवात इथेच, रो-हाउसच्या गच्चीवर, 1000 लिटरच्या एका टाकीने करावी असा विचार आहे. त्यात कोणते मासे सोडावेत, भाजी कितपत निघेल आणि सर्व जमले तर हेच मोठ्या प्रमाणावर सिन्नरला करून चौघांचे कुटुंब चालू शकेल का, हे ज्यांनी स्वतः केले आहे त्यांच्याकडून ऐकायचे आहे. इंटरनेटवरच्या चित्रफितींमध्ये सगळ्यांचेच पालक हिरवेगार असतात. कुणाचे काही बिघडलेच नाही, यावर माझ्यासारख्या लेखापालाचा विश्वास बसत नाही.

गोदाकाठ (नाशिक)

बिघडलेले सांगणारा हवा असेल तर मी आहे. चार वर्षांपासून घरामागच्या अंगणात एक टाकी आणि तीन वाफे चालवतो. त्याआधी एक वर्ष तेच गच्चीवर होते. ते खाली का आणावे लागले, तिथूनच सुरुवात करतो.

1000 लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, आणि ते साधारण एक चौरस मीटर जागेवर उभे राहते. घराच्या सपाट गच्चीचा स्लॅब सामान्यतः चौरस मीटरला 150 किलो वापरभार धरून काढलेला असतो. त्याशेजारी तीन चौरस मीटरचा, फूटभर खोल खडीचा वाफा ठेवला की आणखी सव्वा-दीड टन आला. माझ्या गच्चीला तडा गेला नाही, पण ओळखीच्या अभियंत्याने ते पाहून तोंडात बोट घातले आणि मी त्याच आठवड्यात टाकी रिकामी केली. तुमच्या रो-हाउसला मागे चार पावले मोकळी जागा असेल तर तिथेच मांडणी करा. गच्चीवरच करायची असेल तर आधी स्लॅबचे आणि तुळयांचे नकाशे कुणा जाणकाराला दाखवा.

टाकी भरल्या दिवशीच मासे सोडू नका, कारण या पद्धतीत खरे काम मासे करत नाहीत आणि झाडेही करत नाहीत. ते खडीच्या पृष्ठभागावर वाढणारे जिवाणू करतात. माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया पाण्यात येतो, जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो आणि हे नायट्रेट झाडांना मानवते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना घातक आहेत, म्हणून दोन्ही गट पुरेसे वाढेपर्यंत चार ते सहा आठवडे थांबावे लागते. या काळात रोज पाणी तपासून वहीत नोंद करायची आणि बाकी काही करायचे नाही. हे ‘काही न करणे’ मला सर्वांत जड गेले. नळाचे पाणी वापरणार असाल तर क्लोरीन निघून जाण्यासाठी ते एक दिवस उघडे ठेवून त्यात हवा सोडा, कारण जे क्लोरीन आपल्यासाठी पाणी निर्धोक करते तेच या जिवाणूंना मारते.

आता बिघडलेले. दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात रात्री साधारण दीड वाजता वीज गेली. घरात इन्व्हर्टर होता, पंखे चालू होते, त्यामुळे मला जाग आली नाही. पण अंगणातल्या पंपाची जोडणी वायरमनने इन्व्हर्टरच्या बाहेरच्या लाइनवर केली होती आणि मी ती कधी तपासली नव्हती. पहाटे साडेचारला बाहेर पुक्-पुक् असा बारीक, सतत आवाज ऐकू आला. टॉर्च मारला तर सगळे मासे डोकी वर करून पाण्याच्या पृष्ठभागाला तोंडे लावून हवा घेत होते आणि काही आधीच कुशीवर पडले होते. मी बादलीने पाणी उपसून उंचावरून परत टाकत राहिलो, मुलगा दुसऱ्या बाजूने तेच करत होता. 40 पैकी 26 मासे सकाळी सातपर्यंत गेले. गरम पाण्यात मुळात प्राणवायू कमी विरघळतो, आणि रात्री माशांबरोबर जिवाणूही तो वापरतच असतात, हे पुस्तकात वाचलेले होते. त्या रात्री ते कळले.

तेव्हापासून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप टाकीत कायम असतो आणि दर रविवारी मी मुख्य बटण बंद करून तो आपोआप सुरू होतो का, ते पाहतो. माझा सल्ला एवढाच की नोकरीचा विचार नंतर करा. आधी या टाकीवर एक पूर्ण मे महिना काढा.

जुना मत्स्यविद्यार्थी (रत्नागिरी)

वरील अनुभव अगदी प्रातिनिधिक आहे. मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो आणि नंतर बरीच वर्षे मत्स्यबीज निर्मितीत काढली, म्हणून माशांच्या बाजूने लिहितो.

प्रथम काय सोडू नये ते सांगतो. बाजारात ‘थाई मांगूर’ नावाने मिळणारा आफ्रिकन मांगूर कुणी कितीही आग्रहाने देऊ केला तरी घेऊ नका. त्याच्या पालनावर बंदी आहे, आणि तो ओढ्यात निसटला की तिथल्या देशी माशांचा फडशा पाडतो. रोहू आणि कटला खाण्यास उत्तम असले तरी ते तळ्याचे मासे आहेत. 1000 लिटरच्या टाकीत ते बुजतात, उड्या मारतात आणि वाढत नाहीत. जगभर या पद्धतीत तिलापिया सर्वाधिक वापरला जातो. आपल्याकडे तो अनोळखी नाही. उजनीच्या काठावर ज्याला चिलापी म्हणतात तो त्याच कुळातला. मात्र सुधारित गिफ्ट तिलापियाच्या पालनासाठी मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते, आणि बीज एकलिंगी, म्हणजे सर्व नर असलेले घ्यावे लागते, अन्यथा चार महिन्यांत टाकी पिल्लांनी भरून जाते आणि एकही मासा ताटात घेण्याजोगा होत नाही. पंगस हा दुसरा पर्याय आहे. तो पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकतो, त्यामुळे प्राणवायू कमी पडला तरी काही काळ तग धरतो. पण थंडीत पाणी 20 अंशांच्या खाली गेले की खाणे टाकतो, आणि सिन्नरच्या डिसेंबरमध्ये ते जाईलच. केवळ शिकण्यासाठी टाकी चालवायची असेल तर पहिल्या वर्षी कोई किंवा गोल्डफिश ठेवा. ते काटक असतात आणि मेले तर हळहळ वाटते, पण हिशेब कोलमडत नाही.

आता भाजी किती निघेल, या प्रश्नाकडे येऊ. बहुतेक नवखे लोक ‘इतके लिटर पाणी, इतकी झाडे’ असा हिशेब मांडतात आणि फसतात. हिशेब पाण्यावरून नव्हे, रोजच्या खाद्यावरून मांडायचा असतो, कारण झाडांना मिळणारे जवळजवळ सर्व पोषण माशांच्या तोंडातूनच या चक्रात शिरते. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी तिलापिया आणि तरंगत्या तराफ्यांवरील भाजीपाला यांवर अनेक वर्षे काम केले. त्यांनी तराफा पद्धतीसाठी दर चौरस मीटर लागवडीमागे रोज 60 ते 100 ग्रॅम खाद्य असे प्रमाण दिले. खडीच्या लहान वाफ्यात पालेभाजीसाठी 40 ते 50 ग्रॅम पुरतात, टोमॅटो-वांग्यासारख्या फळभाजीला 50 ते 80 ग्रॅम लागतात. 1000 लिटरमध्ये अर्धा किलोचे 30 मासे, म्हणजे 15 किलो वजन, ही नवख्यासाठी कमाल मर्यादा समजावी. ते दिवसाला वजनाच्या एक-सव्वा टक्का, म्हणजे 150 ते 190 ग्रॅम खातील. एवढ्यावर तीन ते चार चौरस मीटर पालेभाजी पोसली जाते आणि चौरस मीटरला 20 ते 25 रोपे बसतात. म्हणजे एका वेळी फार तर 100 रोपे. घरापुरता पालक, पुदिना, कोथिंबीर निघेल आणि शेजाऱ्यांना देता येईल. ज्यांना टाकीभर माशांवर अर्धा एकर भाजी पिकेल असे सांगितले जाते, त्यांनी सांगणाऱ्याचे खाद्याचे बिल पाहायला मागावे.

सिन्नर भागातले बोअरचे पाणी बहुधा जड असेल, म्हणून सामूविषयी, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणाऱ्या pH विषयी, एक इशारा देतो. माशांना, जिवाणूंना आणि झाडांना, तिघांनाही चालेल अशी मधली पट्टी 6.8 ते 7 च्या आसपास असते. सामू 7 वरून 8 वर गेला की अमोनियाच्या विषारी रूपाचे प्रमाण जवळजवळ दहापट होते, शिवाय झाडांना लोह घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक मग माशांची संख्या वाढवतात, कारण त्यांना वाटते खत कमी पडले, आणि दुखणे दुप्पट होते. अशा वेळी चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातले) द्यावे आणि पावसाचे साठवलेले पाणी मिसळून सामू हळूहळू उतरवावा. नीट चालणाऱ्या टाकीत उलट तक्रार येते: जिवाणूंच्या कामामुळे पाणी सावकाश आम्ल होत जाते आणि चुना किंवा पोटॅश चिमटीने द्यावे लागते. माशांच्या खाद्यात पोटॅश, चुना आणि लोह झाडांच्या गरजेपेक्षा कमीच असते, त्यामुळे या तीन गोष्टी बाहेरून द्याव्या लागल्या तर आपले काही चुकले असे समजू नये.

कीटकनाशक मात्र विसरावे लागेल. मावा पडला तर हाताने काढा किंवा पाण्याची पिचकारी मारा. कडुनिंबाचा अर्कसुद्धा टाकीत उतरला तर माशांना बाधू शकतो.

शेततळेवाली (पुरंदर)

दादा, तुमचे कागदी शेत वाचून हसू आले, कारण आमच्या घरीही तशी एक वही होती, ती सासऱ्यांची. मी त्या दोघांच्या पुढचा प्रश्न घेते, म्हणजे सिन्नरला जाऊन यावर घर चालेल का.

पालेभाजीवर चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या गावातून मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या पहाटे बाजार समितीत जातात. श्रावणात भाव मिळतो, भाद्रपदानंतर एकदम पडतो, आणि पडला की जुडी उपटण्याची मजुरीही सुटत नाही, मग आम्ही वाफ्यात मेंढ्या सोडतो. तुमची पालेभाजी माशांच्या पाण्यावर वाढली आहे हे आडत्याला सांगून उपयोग नाही. ती त्याच ढिगात पडेल आणि त्याच भावाने जाईल. तुमच्या जुडीवर मात्र पंपाची वीज, खाद्य आणि जाळीच्या शेडचा खर्च चढलेला असेल. शहरातल्या पन्नास-साठ घरांना थेट पोहोचवणार असाल तर गणित वेगळे होईल, पण मग तो धंदा शेतीचा कमी आणि घरपोच सेवेचा जास्त होतो. तो तुम्हाला आवडेल का, ते तुम्ही ठरवा.

दुसरी गोष्ट विजेची. शेतीपंपाच्या लाइनवर साधारण आठ तास वीज मिळते, तीही काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. मत्स्यटाकीला चोवीस तास हवी. म्हणजे टाकी गावठाणाच्या जोडणीवर घराजवळ ठेवा किंवा सौर पॅनेलसोबत बॅटरीचा खर्च धरा. त्याआधी सातबारा उघडून पाहा. नाव सामाईक असेल तर नवीन जोडणी, विहीर, शेततळे, प्रत्येक ठिकाणी हिस्सेदारांची संमती मागतात, आणि वाट्याने जमीन करणारा चुलत भाऊ त्या दिवसापासून तुमच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो. हे काम टाकीपेक्षा अवघड आहे, पण आधी करायचे आहे.

आम्ही काय केले ते सांगते. आमचे 30 बाय 30 मीटरचे, तीन मीटर खोल, प्लास्टिक अंथरलेले शेततळे आहे. उतार धरून त्यात सुमारे 19 लाख लिटर पाणी मावते. ते खोदले अंजीर आणि सीताफळासाठी. तिसऱ्या वर्षी त्यात रोहू, कटला आणि मृगळाची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडली, अगदी विरळ. पंप चोवीस तास चालत नाही, जिवाणूंसाठी खडी नाही, रोजची तपासणी नाही. माशांचे पाणी ठिबकमधून बागेला जाते आणि ते पुन्हा तळ्यात येत नाही, म्हणून पुस्तकी व्याख्येत हे अ‍ॅक्वापोनिक्स बसणार नाही. तरी मासे पोसलेले पाणी झाडाला जाते, मूळ कल्पना तीच आहे. तोटेही आहेत. शेवाळामुळे ठिबकचा वाळूचा फिल्टर पूर्वी आठवड्याने धुवावा लागे, तो आता दिवसाआड धुवावा लागतो. खंड्या आणि पाणकावळे यांना तळ्याचा पत्ता कुणी दिला ते माहीत नाही, पण दोरे ताणले नाहीत तोवर त्यांनी बोटुकलीचा चांगलाच समाचार घेतला. आणि एप्रिलमध्ये बागेला पाणी द्यायचे की माशांना ठेवायचे, हा वाद आमच्या घरात दरवर्षी होतो. दरवर्षी बाग जिंकते, म्हणून आम्ही मार्चअखेरच मासे काढून विकतो. त्यावर घर चालत नाही. बागेच्या औषधांचा खर्च निघतो.

तुमच्या साडेतीन एकरांत मी असते तर शेततळे, शेवगा आणि चार शेळ्या एवढेच केले असते, आणि मासे तळ्यात असू दिले असते.

खाजणकर (तिसवाडी, गोवा)

शेततळेवाल्या ताईंच्या लिखाणावरून आमच्या खाजणांची आठवण झाली. नदीकाठच्या खाऱ्या सखल जमिनीला बांध घालून पावसाळ्यात तिथे कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात घ्यायचे आणि कापणीनंतर त्याच शेतात भरतीचे पाणी व त्याबरोबर सुंगटे (कोळंबी) आणि मासे घ्यायचे, ही पद्धत इथे शतकानुशतके चालत आली आहे. पाणी आत घेणे आणि बाहेर सोडणे हे काम मानशीचे, म्हणजे बांधातल्या पाणवाटेचे, लाकडी दरवाजे करतात. ते भरती-ओहोटीच्या दाबाने स्वतः उघडतात व मिटतात, वीज लागत नाही. सिन्नरला समुद्र नाही, त्यामुळे याचा थेट उपयोग नाही. पण उतार असेल तर टाकी वर आणि वाफे खाली ठेवा, म्हणजे पाणी एका दिशेने तरी फुकट जाईल आणि एकाच लहान पंपावर भागेल. बांधाची डागडुजी थांबली तेव्हा आमची बरीच खाजणे पडीक झाली. यंत्र नसले तरी राबणारा माणूस लागतोच.

जिरायतदार (पिंपरी-चिंचवड)

सर्वांचे मनापासून आभार. आठ दिवस हे सगळे वाचून वहीत आकडे मांडत होतो.

पंप 40 वॉट आणि हवेचा पंप 20 वॉट धरला तर महिन्याला 43 युनिट होतात. मासे आठ महिन्यांत तयार झाले असे मानले तर सुमारे 345 युनिट वीज, आणि किलोमागे दीड किलो प्रमाणे साडेबावीस किलो खाद्य, एवढ्यावर 15 किलो मासे. म्हणजे एका किलो माशामागे 23 युनिट. त्यात पालक आणि पुदिना जमेच्या बाजूला धरूनही हा धंदा होत नाही, हे मान्य आहे. पण एकोणीस वर्षांत मी दुसऱ्यांच्याच नोंदी तपासल्या. स्वतःच्या हाताने वाढवलेल्या एखाद्या गोष्टीची नोंद ठेवावी, यासाठी महिन्याला 43 युनिट मला जड वाटत नाहीत. त्यामुळे टाकी येते आहे, गच्चीवर नव्हे तर मागच्या अंगणात, आणि पहिल्या वर्षी गोल्डफिशच. दिवाळीत सिन्नरला जाऊन चुलत भावाशी सातबाऱ्याविषयी बोलणार आहे. बोलणे कसे सुरू करावे, ते अजून सुचलेले नाही.

एक शंका आहे. काल खडीचा टेम्पो उतरवला. खडी काळ्या दगडाचीच मागितली होती, पण मधून मधून पांढुरके खडे दिसतात. मूठभर खडी वाटीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर ओतले, तर काळे खडे शांत राहिले आणि पांढऱ्यांवर बारीक बुडबुडे आले. धुऊन घेतली तर चालेल का?

गोदाकाठ (नाशिक)

धुऊन चालणार नाही. पांढरे खडे चुनखडीचे आहेत. ते महिनोन्‌महिने पाण्यात विरघळत राहतील आणि सामू 8 च्या खाली येऊ देणार नाहीत. थोडेच असतील तर पोते पसरून घरातल्या सगळ्यांनी बसून निवडून काढा, आम्ही तांदूळ निवडतात तसे निवडले होते. दहा खड्यांत दोन-तीन निघत असतील तर माल परत करा. आणि वायरमन येईल तेव्हा पंपाची लाइन इन्व्हर्टरवर घेतली की नाही, ते मुख्य बटण बंद करून त्याच्यासमोरच पाहा.